लॅटिनच्या लेकी आणि रानमांजर

वाचकांचे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या तीन पत्रांचा विषय या वेळी एकच निघाला, म्हणून त्यांची उत्तरे एकापाठोपाठ एक देत आहोत. पत्रांतील प्रश्नांचा गाभा तेवढा छापला आहे.

प्रश्न : आमची इमारत घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. मुलगी शाळेत फ्रेंच शिकते आणि भाचा स्पॅनिशच्या वर्गाला जातो. रानमांजराला फ्रेंचमध्ये ‘शा सोव्हाज’ आणि स्पॅनिशमध्ये ‘गातो मोन्तेस’ म्हणतात, असे त्यांनी सांगितले. शब्दकोशात इटालियन, पोर्तुगीज आणि रुमानियन पाहिले, तर तिथे आणखी निराळी नावे सापडली. या सगळ्या भाषा लॅटिनमधून निघाल्या असतील, तर एकाच प्राण्याची इतकी वेगळी नावे कशी? आणि प्राणिशास्त्रात मांजराला ज्या लॅटिन शब्दाने ओळखतात तो ‘फेलिस’ यांतल्या एकाही भाषेत का दिसत नाही? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते.

जुन्या लॅटिनमध्ये ‘फेलेस’ किंवा ‘फेलिस’ हा शब्द होता, पण त्याचा अर्थ आज आपण समजतो तितका नेमका नव्हता. उंदीर आणि पाखरे मारणाऱ्या, चोरपावलांनी फिरणाऱ्या लहान शिकारी प्राण्याला तो लावला जाई, आणि त्यात मांजराबरोबर झाडावर राहणारे मुंगसासारख्या बांध्याचे काही प्राणीही येत. रोमन लेखक सिसेरो इजिप्तमधील पूज्य मांजरांविषयी लिहिताना हाच शब्द वापरतो. पहिल्या शतकातील फीड्रस या कवीची एक नीतिकथा इथे फार उपयोगाची आहे. एका ओकच्या शेंड्यावर गरुडीचे घरटे आहे, बुंध्याशी रानडुकरीण पिलांसह राहते आणि मधल्या ढोलीत ‘फेलेस’ व्यालेली आहे. ही मधली शेजारीण वर जाऊन खालचीच्या आणि खाली येऊन वरचीच्या चहाड्या सांगते, भीतीने दोघीही घर सोडत नाहीत, उपाशी मरतात आणि त्यांची पिले हिच्या पिलांना खायला मिळतात. ढोलीत विणारी आणि रानडुकरिणीच्या शेजारी राहणारी ही फेलेस चुलीजवळ झोपणारे मांजर नव्हे, हे वेगळे सांगायला नको. म्हणजे लॅटिन भाषेने हा शब्द वापरला तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा रानातला प्राणी होता.

त्यानंतर ‘कात्तुस’ हा नवा शब्द आला. चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमाराचा शेतीविषयक लेखक पलादियुस आर्टिचोक या भाजीच्या वाफ्यांत जमीन पोखरणाऱ्या प्राण्यांचा उपद्रव टाळण्यासाठी ‘कात्तुस’ पाळावेत असा सल्ला देतो. हा शब्द मुळात कुठून आला यावर विद्वानांत एकमत नाही. उत्तर आफ्रिकेकडे बरेच जण बोट दाखवतात. पण तो घरातल्या, कामाला ठेवलेल्या मांजराबरोबर आला आणि त्या मांजराबरोबरच पसरला, हे मात्र सर्वांना मान्य होईल. रोमन लोकांच्या धान्यकोठारांबरोबर आणि जहाजांबरोबर पाळीव मांजर युरोपभर गेले, त्याच्याबरोबर त्याचे नाव गेले आणि बोलभाषेतून फेलिस हळूहळू नाहीसा झाला. आज इटालियन किंवा स्पॅनिशमध्ये ‘फेलिनो’ असा शब्द आहे, पण तो पंडितांनी पुस्तकांतून नंतर उचललेला आहे, आईच्या तोंडून मुलाकडे आलेला नाही. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली पाळीव मांजराला ‘फेलिस कातुस’ हे शास्त्रीय नाव दिले, त्यात हे दोन्ही शब्द शेजारी बसले आहेत.

कात्तुसच्या लेकी ओळखणे कठीण नाही. इटालियनमध्ये गात्तो, स्पॅनिशमध्ये गातो, पोर्तुगीजमध्ये गातु आणि ईशान्य स्पेनमधील कॅटलन भाषेत गात. या सर्वांत आरंभीचा ‘क’ मृदू होऊन ‘ग’ झाला आहे. फ्रेंचमध्ये लॅटिनमधल्या ‘का’ने सुरू होणाऱ्या अनेक शब्दांचा आरंभ ‘श’ने होऊ लागला, जसे घोड्यासाठी असलेल्या ‘काबालुस’चे ‘शव्हाल’ झाले आणि शेतासाठी असलेल्या ‘काम्पुस’चे ‘शाँ’ झाले, तसेच कात्तुसचे ‘शा’ झाले. आपल्या मुलीचा ‘शा’ आणि भाच्याचा ‘गातो’ हे सख्खे भाऊ आहेत, फक्त त्यांचे आवाज वेगळे झाले.

आता रानमांजराकडे वळू. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात खरी लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही आहे की युरोपच्या जंगलांतले रानमांजर तिथे मूळचे, माणसाच्या घरात मांजर शिरण्याच्या कितीतरी आधीपासूनचे आहे, आणि तरीही आज प्रत्येक रोमान्स भाषेत, म्हणजे लॅटिनमधून निघालेल्या भाषेत, त्याचे नाव नंतर आलेल्या पाळीव मांजराच्या नावावरून केलेले आहे. मूळ रहिवाशाची ओळख पाहुण्याच्या नावाने होऊ लागली. पाळीव मांजर हे त्या युरोपीय रानमांजराचे वंशज आहे असे अनेक वर्षे समजले जाई, पण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने ते पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतील रानमांजराच्या जातीपासून आले असल्याचे दाखवून दिले. तेव्हा फ्रान्सच्या शेतकऱ्याने घरात ठेवलेला ‘शा’ आणि त्याच्याच शेताच्या कडेला फिरणारा ‘शा सोव्हाज’ यांचे नाते चुलत म्हणावे असे आहे, बापलेकाचे नाही.

एकदा घरातले मांजर हेच ‘मांजर’ ठरल्यावर रानातल्याला विशेषण लावणे भाग पडले, आणि ते विशेषण प्रत्येक भाषेने आपापल्या भूमीवर निवडले. इथून वाटा फुटतात.

लॅटिनमध्ये ‘सिल्व्हा’ म्हणजे अरण्य. त्यावरून ‘सिल्व्हातिकुस’, म्हणजे अरण्यातला, आणि उच्चारात बदल होऊन ‘साल्व्हातिकुस’. इटालियनने तो शब्द जवळजवळ तसाच ठेवून ‘गात्तो सेल्व्हातिको’ असे नाव केले. फ्रेंचमध्ये त्याचेच ‘सोव्हाज’ झाले, कॅटलनमध्ये ‘सल्वाज’, आणि पार पूर्वेकडे रुमानियनमध्ये ‘सल्बातिक’. स्पॅनिशमधला ‘साल्व्हाखे’ आणि पोर्तुगीजमधला ‘सेल्व्हाजें’ हे शब्द त्यांना शेजारच्या कॅटलन आणि दक्षिण फ्रान्समधील ऑक्सितान भाषांकडून मिळाले. आपला ‘रान’ हा शब्द संस्कृतमधील ‘अरण्य’ या शब्दाचे प्राकृतातून झिजलेले रूप आहे, त्यामुळे ‘गात्तो सेल्व्हातिको’ आणि ‘रानमांजर’ या दोन नावांची घडण तंतोतंत सारखी आहे.

स्पॅनिशने मात्र अरण्य सोडून ‘मोन्ते’ निवडला. मोन्ते म्हणजे डोंगर, असे पहिल्या धड्यात शिकवतात आणि ते चूक नाही. पण स्पेनच्या खेड्यात मोन्ते म्हणजे नांगराखाली न आलेली, झुडपांनी भरलेली जमीनही असते, मग ती सपाट का असेना. म्हणून ‘गातो मोन्तेस’चा अर्थ ‘डोंगरी मांजर’ एवढाच करणे अपुरे आहे. रानबोकडालाही स्पॅनिशमध्ये हेच विशेषण लागते. आपल्या ‘रान’ शब्दाचाही असाच विस्तार झाला आहे: कोकणात रान म्हटले की झाडी डोळ्यांपुढे येते, तर देशावरचा शेतकरी ‘रानात चाललोय’ म्हणतो तेव्हा तो आपल्या शेतावर निघालेला असतो.

पोर्तुगीजने तिसरी वाट धरली. तिथले ‘गातु-ब्राव्हु’ हे नाव राहण्याची जागा सांगत नाही, स्वभाव सांगते; ब्राव्हु म्हणजे माणसाच्या ताब्यात न येणारा, न माणसाळलेला. ‘गातु-मोंतेश’ हे डोंगराचे नावही पोर्तुगालमध्ये चालते. ठाणे आणि साष्टी १७३७ साली आणि वसई १७३९ साली मराठ्यांनी घेईपर्यंत आपला हा सगळा मुलूख पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता आणि त्या भाषेने चावी, पगार, बटाटा, घमेले असे कितीतरी शब्द आपल्या घरात आणि बांधकामावर आणून ठेवले. जंगली जनावरांची नावे मात्र इथल्या लोकांनी आपलीच ठेवली, आणि ते स्वाभाविक आहे. बाजारातल्या वस्तूबरोबर तिचे परके नाव येते, पण डोंगरातले जनावर आधीपासून ओळखीचे असते.

रुमानियनची गोष्ट निराळी आहे. तिथे मांजराला ‘पिसिका’ म्हणतात आणि रानमांजर ‘पिसिका सल्बातिका’ होते. विशेषण शुद्ध लॅटिन घराण्यातले, नाम मात्र मांजराला बोलावताना काढतात त्या ‘पिस् पिस्’ या आवाजावरून तयार झालेले. आपल्या लहान मुलांची ‘माऊ’ जशी मांजराच्याच आवाजातून आली, तसे. कात्तुस तिथेही पोहोचला होता याची खूण उरली आहे. बाल्कनमध्ये बोलल्या जाणाऱ्या आरोमानियन या तिच्या बहिणीत मांजराला ‘कतुशा’ सारखा शब्द आहे, आणि रुमानियनमध्ये ‘कतुशा’ आता हातकडीला म्हणतात. त्या शब्दाचा उगम कोशकार लॅटिनमधल्या मांजरातच दाखवतात. पकडून ठेवणारी वस्तू आणि पंजा यांचा संबंध लोकांना जोडावासा वाटला असेल, हे समजण्यासारखे आहे.

आणखी एक भेद आपल्या मुलीला आणि भाच्याला जरूर सांगा. जन्माने रानातले मांजर आणि घर सोडून रानात गेलेले पाळीव मांजर हे दोन वेगळे प्राणी आहेत. फ्रेंचमध्ये दुसऱ्याला ‘शा आरे’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि गोंधळ टळावा म्हणून तिथले प्राणिशास्त्रज्ञ पहिल्याला ‘शा सोव्हाज’ऐवजी ‘शा फोरेस्तिए’, म्हणजे वनातले मांजर, म्हणणे पसंत करतात. इटालियन आणि स्पॅनिशमध्येही ‘रानटी झालेले’ अशा अर्थाची वेगळी विशेषणे आहेत. हा भेद केवळ भाषेचा नाही. दोन्ही प्रकारच्या मांजरांचा संकर होतो आणि युरोपातील रानमांजराच्या अस्तित्वाला असलेल्या मोठ्या धोक्यांत तो गणला जातो. पाहणाऱ्याने शेपटी बघावी: खऱ्या युरोपीय रानमांजराची शेपटी जाड, झुपकेदार असते, तिच्यावर काळी कडी असतात, टोक काळे आणि बोथट असते, आणि पाठीवरचा काळा पट्टा शेपटीच्या मुळाशीच थांबतो.

फ्रान्सच्या ताब्यातील कोर्सिका बेटावर मेंढपाळांनी मात्र यांपैकी कोणतेही विशेषण वापरले नाही. त्यांच्या कोर्सिकन भाषेत डोंगरातल्या त्या मांजराला ‘ग्यात्तु व्होल्पे’, म्हणजे कोल्हा-मांजर, म्हणतात. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे ९० सेंटिमीटर लांबीचा, दाट केसांचा, कडेदार शेपटीचा हा प्राणी शेळ्यामेंढ्यांवर हल्ला करतो अशा कथा ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. २०१९ साली फ्रान्सच्या वन्यजीव विभागाने त्याची माहिती जाहीर केली तेव्हा ती बातमी जगभर गेली, आणि २०२३ मधील जनुकीय अभ्यासात तो पाळीव मांजरांपासून वेगळा असल्याचे दिसून आले. लोकांनी दिलेल्या नावात तो वेगळेपणा आधीच नोंदलेला होता.

प्रश्न : मी ऐरोलीत राहते आणि स्पॅनिश, फ्रेंच व थोड्या पोर्तुगीजमधून मराठीत भाषांतर करते. मेक्सिकोतील एका मजकुरात ‘तिग्रे’ आला, ब्राझीलच्या मजकुरात ‘ओंसा’ आणि कॅनडातील फ्रेंच मजकुरात ‘शा सोव्हाज’. शब्दकोश पाहून मी अनुक्रमे वाघ, चित्ता आणि रानमांजर असे लिहिले. संपादकांनी तिन्ही ठिकाणी प्रश्नचिन्हे केली आहेत. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का? (एक भाषांतरकार, ऐरोली)

उत्तर : संपादकांचे म्हणणे बरोबर आहे, आणि तिन्ही ठिकाणी.

रोमान्स भाषा अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेल्या तेव्हा तिथली जनावरे त्यांच्या ओळखीची नव्हती. वसाहत करणाऱ्यांनी दोनच उपाय केले: जवळात जवळच्या ओळखीच्या प्राण्याचे नाव चिकटवले, किंवा तिथल्या मूळ लोकांचा शब्द उचलला. अमेरिका खंडात वाघ नाही, तरी स्पॅनिश लोकांनी तिथल्या मोठ्या, ठिपकेदार जॅग्वारला ‘तिग्रे’ आणि बिनठिपक्यांच्या प्यूमाला ‘लेओन’, म्हणजे सिंह, म्हटले. ब्यूनोस आयरेसजवळच्या ‘तिग्रे’ या गावाचे नावही जॅग्वारवरूनच पडले आहे. यात आपल्याला अपरिचित असे काही नाही. घोडबंदर रस्त्यावरील वाघबीळ हे नाव आपण रोज घेतो, आणि या डोंगरातील पाड्यांवर आजही बिबट्याला सरळ ‘वाघ’ म्हटले जाते. वारली समाजाच्या वाघोबात पट्टेरी वाघ आणि बिबट्या असे दोघेही सामावलेले आहेत. तेव्हा मेक्सिकोच्या मजकुरात ‘जॅग्वार’ लिहावे, आणि बोलणारा पात्र खेडुत असेल तर एखादे वाक्य वाढवून तो त्याला वाघ म्हणतो हे दाखवावे.

‘ओंसा’चा प्रवास मला या सर्वांत अधिक मोलाचा वाटतो, म्हणून त्यासाठी थोडी जागा घेतो. ग्रीकमधून लॅटिनमध्ये आलेला ‘लिंक्स’ हा शब्द कानांवर केसांचे झुपके असलेल्या, आखूड शेपटीच्या, ठिपकेदार मोठ्या रानमांजराचा आहे. त्यापासून बोलभाषेत तयार झालेल्या रूपातून इटालियनमध्ये ‘लोंझा’ आला. इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात चढणीवर कवीची वाट अडवणारे ठिपकेदार, चपळ जनावर ते हेच. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘लोंस’ झाले. फ्रेंचमध्ये स्वराने सुरू होणाऱ्या नामाआधीचे ‘ल’ हे उपपद त्या नामाला चिकटून उच्चारले जाते, त्यामुळे ऐकणाऱ्यांना ‘लोंस’मधला ‘ल’ हे उपपदच वाटले, त्यांनी तो सोडवून बाजूला काढला आणि ‘ओंस’ उरला. इटालियनमध्ये ‘ल’ टिकला, फ्रेंचमध्ये गळला. हा ‘ल’ नसलेला शब्द स्पॅनिशमध्ये ‘ओन्सा’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘ओंसा’ झाला, ब्राझीलमध्ये तो जॅग्वारला लागला आणि आज तिथे जॅग्वारला ‘ओंसा-पिंतादा’, म्हणजे रंगवलेली ओंसा, आणि प्यूमाला ‘ओंसा-पार्दा’ म्हणतात. दुसरीकडे प्राणिशास्त्रज्ञांनी हाच शब्द लॅटिनच्या वेषात हिमालयातील हिमबिबट्याला दिला, आणि त्याचे आजचे शास्त्रीय नाव ‘पँथेरा अन्शिया’ आहे. लिंक्सच्या एका नावातला एक ‘ल’ गळला आणि ते नाव ॲमेझॉनच्या जॅग्वारपासून लडाखच्या हिमबिबट्यापर्यंत पोहोचले. तुमच्या मजकुरात पुढे ‘पिंतादा’ असेल किंवा नुसताच ‘ओंसा’ असेल, तर जॅग्वार घ्यावा. चित्ता तिथे कोणत्याही अर्थाने बसत नाही. तो अमेरिकेत नाही.

कॅनडाचा ‘शा सोव्हाज’ तर मांजरच नाही. क्वेबेकच्या लोकभाषेत हे नाव रॅकूनचे आहे, ज्याला पुस्तकी फ्रेंचमध्ये ‘रातों लाव्हर’, म्हणजे धुणारा छोटा उंदीर, म्हणतात. फ्रान्समधून गेलेल्या वसाहतकऱ्यांनी कडेदार झुपकेदार शेपटी पाहिली आणि घरचे नाव दिले. तिथे रॅकूनच्या कातड्याच्या कोटालाही ‘मांजराचा कोट’ म्हणत. तेव्हा मजकुरात तो प्राणी कचऱ्याचे डबे उघडत असेल किंवा कोणी त्याचा कोट घातला असेल, तर ‘रॅकून’ लिहिणे हेच योग्य.

ब्राझीलसंबंधी अधिक भाषांतर करणार असाल तर आणखी काही नावे हाताशी असू द्यात. तिथे लहान रानमांजरांना ‘गातु-दु-मातु’, म्हणजे झाडीतले मांजर, म्हणतात, आणि त्याखेरीज तिथल्या मूळ लोकांच्या तुपी भाषेतून आलेली ‘मराकाजा’, ‘जागुआतिरिका’ आणि ‘सुसुआराना’ ही नावेही चालतात. अठराव्या शतकातील फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ याने आपल्या प्रचंड ग्रंथमालेत अशी नावे फ्रेंच वळणाने लिहून घेतली, आणि ‘मार्गे’ (एक लहान रानमांजर) आणि ‘कूगार’ (प्यूमा) ही आज जगभर वापरली जाणारी नावे त्याच वाटेने आली. ‘ऑसेलॉट’ही त्याच्याच लेखणीतून रूढ झाला; मेक्सिकोतील नावाट्ल भाषेत ‘ओसेलोत्ल’ हा जॅग्वार होता, ब्युफाँने ते नाव लहान मांजराला दिले आणि तेच टिकले.

त्याच ग्रंथात आपल्याकडचाही एक धागा आहे. लॅटिनमध्ये लिंक्सला ‘हरणे मारणारा लांडगा’ अशा अर्थाचे दुसरे नाव होते. त्यावरून फ्रेंचमध्ये ‘लू-सेर्व्हिए’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘लोबु-सेर्व्हाल’ आले. भारतात आलेल्या पोर्तुगीजांनी इथल्या एका ठिपकेदार रानमांजराला ‘सेर्व्हाल’ म्हटले, मलबारमधील एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या प्रवासवर्णनातील नोंदीच्या आधारे ब्युफाँने ते नाव उचलले, आणि पुढे ते ज्या प्राण्याला कायमचे लागले तो लांब पायांचा सर्व्हल आफ्रिकेत राहतो. भारतात सर्व्हल नाही. जुन्या फ्रेंच ग्रंथात मलबारच्या वर्णनात ‘सर्व्हल’ आढळला, तर त्याचे भाषांतर करताना हा इतिहास तळटिपेत द्यावा, अशी माझी शिफारस आहे.

लिंक्सपुरते सांगायचे तर आजच्या स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये ‘लिन्से’ हा शब्द रूढ आहे, आणि रुमानियनने तो सोडून स्लाव्ह शेजाऱ्यांचा ‘रिस्’ स्वीकारला आहे. इबेरियातील लिंक्सची जात २००२ साली शंभराच्याही खाली गेली होती. सशांचे अधिवास सुधारणे, बंदिस्त प्रजनन आणि पुन्हा रानात सोडणे अशा स्पेन आणि पोर्तुगाल या दोन्ही देशांच्या प्रयत्नांतून २०२३ पर्यंत ती संख्या दोन हजारांवर गेली. इतके मोठे यश मिळालेल्या प्राण्यासाठी मराठीत ‘लिंक्स’ हाच शब्द ठेवावा. ‘रानमांजर’ म्हटल्याने वाचकाच्या डोळ्यांसमोर भलताच लहान प्राणी उभा राहतो.

प्रश्न : मराठीत उदमांजर, पाणमांजर, कस्तुरी मांजर अशी नावे आहेत, पण यांपैकी एकही मांजर नाही असे वाचले. रोमान्स भाषांतही असे घडते का? दुसरे असे की नेरूळच्या खाडीकाठी पहाटे एक मोठे, मातकट रंगाचे रानमांजर आम्ही पाहिले. त्याला नेमके काय म्हणावे? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : घडते, आणि कधीकधी शब्दशः तसेच. उदमांजर किंवा कांडेचोर आणि कस्तुरी मांजर हे सिव्हेट कुळातले, तर पाणमांजर हे मुंगूस आणि मांजर या दोहोंपासून वेगळ्या कुळातले. स्पॅनिशमध्ये सिव्हेटला ‘गातो दे आल्गालिया’ म्हणतात; आल्गालिया हे मूळ अरबीतील सुगंधी द्रव्याचे नाव. सिव्हेटच्याच कुळातला जेनेट नावाचा ठिपकेदार, लांब शेपटीचा प्राणी स्पेनमध्ये आढळतो, त्याला कॅटलनमध्ये ‘गात मेस्केर’ असे नाव आहे आणि त्याचा अर्थ अगदी आपल्यासारखा, कस्तुरी मांजर. याशिवाय या प्राण्याच्या सुगंधी स्रावाला अरबीत ‘झबाद’ म्हणत. त्यापासून इटालियनमध्ये ‘झिबेत्तो’ आणि फ्रेंचमध्ये ‘सिव्हेत’ आले, आणि मराठीतील ‘जवादी मांजर’ यातील जवादी हा शब्दही त्याच अरबी घरातला आहे. व्यापाऱ्यांच्या गोण्यांतून एकच शब्द जेनोआलाही गेला आणि ठाण्याच्या बंदरातही उतरला असणार.

आता आपण पाहिलेल्या प्राण्याविषयी. आपल्या वर्णनावरून तो बहुधा बाऊल असावा. जंगलापेक्षा गवत, वेत, पाणथळ आणि शेतीच्या कडा त्याला जास्त मानवतात, त्यामुळे खाडीकाठी तो दिसणे साहजिक आहे. खात्री करायची तर पुढच्या वेळी तीन गोष्टी पाहाव्यात: पाय घरच्या मांजरापेक्षा स्पष्टपणे लांब असतात, शेपटी आखूड असून जमिनीपर्यंत पोहोचत नाही आणि तिच्या टोकाकडे काळी कडी असतात, कानांच्या टोकांवर काळ्या केसांचा लहानसा झुपका असतो. अंगावर ठिपके नसतात. ठिपके असतील आणि आकार घरच्या मांजराएवढा किंवा त्याहून लहान असेल, तर ती वाघाटी समजावी. वाघाटी हे एका वेलीचेही नाव आहे, आणि आषाढी द्वादशीच्या पारण्याला तिच्या फळांची भाजी अनेक घरांत होते. नाव एक असले तरी वाक्यावरून अर्थ कळतो, त्यामुळे त्याची अडचण होत नाही.

बाऊलचे शास्त्रीय नाव ‘फेलिस चाउस’ आहे, आणि त्यात पुन्हा लिंक्सच दडलेला आहे. इसवी सन पूर्व ५५ मध्ये रोमन सेनानी पॉम्पीने रोममध्ये भरवलेल्या खेळांत गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून, आणलेले एक जनावर दाखवण्यात आले. आकार लांडग्याचा आणि ठिपके बिबट्याचे, असे त्याचे वर्णन रोमन लेखक प्लिनीने केले आहे, आणि हस्तलिखितांच्या पाठभेदांतून त्याचे नाव ‘चामा’ किंवा ‘चाउस’ असे वाचले जाते. ते जनावर लिंक्स होते, कारण प्लिनीच पुढे त्याला हरणे मारणाऱ्या लांडग्याच्या जातीत बसवतो. अठराव्या शतकात निसर्गशास्त्रज्ञ गुल्डेनश्टेट याने कॉकेशसमध्ये तेरेक नदीच्या काठी एक बिनठिपक्यांचे, आखूड शेपटीचे, कानांवर झुपके असलेले रानमांजर पाहिले आणि १७७६ साली त्याला प्लिनीचे हे जुने नाव दिले. पुढच्याच वर्षी जर्मन निसर्गशास्त्रज्ञ श्रेबरने ते शास्त्रीय द्विपदी नावात घातले, आणि युरोपीय रानमांजराला ‘फेलिस सिल्व्हेस्त्रिस’, म्हणजे अरण्यातले मांजर, हे नावही त्याच श्रेबरने त्याच साली दिले.

त्यामुळे आपल्या नोंदीत नुसते ‘रानमांजर’ न लिहिता ‘बाऊल’ लिहावे आणि पुढे ‘फेलिस चाउस’ जोडावे. ‘रानमांजर’ हे नाव सर्व लहान रानटी मांजरांना मिळून वापरण्यासाठी सोयीचे आहे, युरोपातल्या प्राण्यासाठी ‘युरोपीय रानमांजर’ म्हणता येईल, पण बाऊल आणि वाघाटी ही दोन नावे आपल्याकडच्या लोकांनी पाळीव मांजराचा आधार न घेता दिलेली आहेत, आणि तशी सोय फ्रेंच, इटालियन किंवा स्पॅनिश यांना त्यांच्या मूळच्या रानमांजराबाबत उरलेली नाही. नोंदीत तारीख, वेळ, जागा आणि शेपटीचे वर्णन एवढे असले तरी ती अभ्यासकांच्या उपयोगी पडते. छायाचित्र मिळाले तर शेपटी आणि कान दिसतील अशा बाजूने घ्यावे, आणि त्यासाठी जनावराच्या मागे जाऊ नये.